क्रँक सेन्सरची वायर

आप्पा,

चहा थर्मासमध्ये आहे. गॅरेजचा स्कॅनर परत करून, तिथल्या शेठना भेटून मी येतेच.

गाडी सुरू झाली. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पुन्हा तोच आला होता, क्रँक सेन्सरचा; त्याचा सिग्नल नसला की इंजिन सुरूच होत नाही. परगावी नव्या नोकरीवर निघायचं म्हटलं की दर वेळी तोच. मी सेन्सर बदलला, वायरिंग तपासलं, माझ्याच हाताला नावं ठेवली. आज टॉर्च लावून नीट पाहिलं, तर वायरचा प्लग निघालेला. त्याला लॉक असतं, आप्पा. अंगठ्याने दाबल्याशिवाय तो सुटत नाही. आणि लॉकला तुमच्या गुडघ्याच्या मलमाचा वास होता.

मी रागावले नाही. आई गेल्यापासून हे घर तुम्हाला खायला उठतं, तसं मलाही. बॅग डिकीत ठेवली, काढली, परत ठेवली. तुम्ही थांब म्हणालात तर माझा पाय निघणार नाही, आणि जा म्हणालात तरी निघणार नाही.

तरी काय ते तोंडाने सांगा. तेवढं जमत नसेल आणि वायरच काढायची असेल, तर इंजिन आधी गार होऊ द्या. आत्ताच बंद केलंय, हात भाजेल.

तुमची धाकटी