होडीत उभं राहू नये

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायचा तर रविवारपासून माझी पाठ जमिनीपर्यंत जायला तयार नाही, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घे. (उभं राहण्यामुळेच सगळं रामायण झालं, पण ते पुढे येईल.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिना एकेक पायरी करत चढतेस ना? भाऊजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजूनही आकडा जास्त दिसला की ते यंत्रालाच दोष देतात? (मला हे कसं ठाऊक, असं विचारू नकोस. भाऊजी सकाळी फिरायला निघाले की कोपऱ्यावरून कधीमधी मला फोन करतात. हे तुला सांगणार नाही असं मी त्यांना वचन दिलं होतं, ते आता मोडलंच.) मी ठणठणीत आहे. हे वाक्य कृपा करून दोनदा वाच, कारण रविवारी एका अनोळखी बाईने तुला दोनदा फोन केला, आणि त्यातला दुसरा मी पाण्यात पडल्याचा होता.

आधीच सांगते, हे पत्र मी समेटासाठी लिहीत नाहीये. तुझ्या-माझ्यात जे झालं ते झालं. हे गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात तू आलीस, मला तुझ्याकडे न्यायचं म्हणून माझी कपाटं उघडलीस, नेण्याच्या वस्तूंना पिवळ्या आणि टाकण्याच्या वस्तूंना पांढऱ्या चिठ्ठ्या लावल्यास (यांच्या आरामखुर्चीला पांढरी!), सामान हलवणाऱ्याला बोलावून ठेवलंस, आणि मी तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं: ‘मला काही झालं तरी तुला फोन येणार नाही, निश्चिंत राहा.’ त्यावर तू पर्स उचललीस आणि गेलीस. चौदा महिने झाले. तेव्हा हे पत्र केवळ माहितीसाठी आहे, म्हणजे रविवारच्या फोनमुळे तुझा काही गैरसमज नको.

तर झालं असं. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक कागद लागला होता. कालव्यावर सामूहिक वल्हवणी, अंतर चार किलोमीटर, वयाची अट नाही, एकट्याने येणाऱ्यांना जोडीदार देण्यात येईल. मला वल्हवण्याचं काही वेड नाही हे तू जाणतेसच. बादलीत पाय बुडवायचा तरी मी आधी बोट बुडवून बघते. पण ते शेवटचं वाक्य मी तिथे उभी राहून तीनदा वाचलं आणि घरी येऊन नाव घातलं. त्यानंतर पंधरा दिवस मी फक्त सुरक्षिततेचा अभ्यास केला. मंडळाने दिलेलं सूचनापत्रक मी पाठ केलं, अगदी शाळेत नद्या पाठ करायचो तसं, पुढेमागे डुलत. लाइफ जॅकेटचे बंद इतके आवळावेत की खांद्याला धरून कुणी वर ओढलं तर जॅकेट कानापर्यंत येऊ नये. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी. सर्वांत पुढच्या होडीच्या पुढे जाऊ नये, सर्वांत मागच्या होडीच्या मागे राहू नये. पुलाखाली पुढे वाकावं, मागे नव्हे. होडी उलटली तर पाय वर करून पाठीवर तरंगावं. आणि पहिला, जाड अक्षरातला नियम: काहीही झालं तरी होडीत उभं राहू नये. ताई, मी हा नियम स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वल्ह्याऐवजी केरसुणी घेऊन गिरवला. एकदाही उठले नाही. दूध उतू गेलं तरी.

रविवारी सकाळी धक्क्यावर एक टेबल होतं आणि टेबलामागे एक बाई. त्यांना सगळे रकानेबाई म्हणतात, कारण फॉर्मातला एकही रकाना रिकामा राहिलेला त्यांना खपत नाही. मंडळाची पद्धत अशी की ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात जो नंबर असेल तो रकानेबाई सर्वांसमक्ष फिरवतात, पलीकडच्या माणसाला तुमचं नातं विचारतात, आणि मगच तुम्हाला जॅकेट मिळतं. मला वाटलं होतं, फॉर्म काय, एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जाईल. मी त्या रकान्यात आमच्या घरचा नंबर लिहिला होता. हसू नकोस. बत्तीस वर्षं बँकेपासून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत जिथे जिथे तो रकाना आला तिथे मी हाच नंबर लिहीत आले, हात आपोआप लिहितो. रकानेबाईंनी तो फिरवला, स्पीकर लावला, आणि आम्ही दोघी ऐकत उभ्या. पहिल्या पाच-सहा रिंगा होईपर्यंत मी निर्धास्त होते, कारण यांना पेपरची घडी घालून, चप्पल शोधून उठायला तेवढा वेळ लागायचाच. सातव्या रिंगेला माझ्या लक्षात आलं.

आणि तेवढ्यात कुणीतरी फोन उचलला! मी टेबलाला धरलं. रकानेबाईंनी विचारलं, आपण यांच्या कोण? पलीकडून आवाज आला, ‘कोणी नाही हो, मी मांजराला दूध घालायला आलेय. त्या बुडायला गेल्यात.’ आमची शेजारीण टाचणी. (बारीक आहे आणि टोचते, म्हणून टाचणी. तिला किल्ली दिलीय.) रकानेबाईंनी शांतपणे फोन ठेवला आणि रक्ताच्या नात्यातला दुसरा नंबर मागितला. मागे वीस-बावीस माणसं रांगेत खोळंबलेली, एकाच्या हातात तर वल्हं तलवारीसारखं. मला पाठ असलेला दुसरा नंबर जगात एकच. मी तो इतक्या हळू सांगितला की त्यांना दोनदा विचारावा लागला. मग मी चार पावलं लांब जाऊन बुटांच्या नाड्या आवळत बसले, तू काय म्हणतेस ते ऐकू येऊ नये म्हणून. परत आले तेव्हा रकाना भरलेला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणाल्या? रकानेबाई म्हणाल्या, ‘आधी तुमचं नाव मला दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं ऐकू येत नसेल. मग म्हणाल्या, लिहा.’

माझे जोडीदार म्हणून निघाले एक निवृत्त दातांचे डॉक्टर. स्वभावाने फार सज्जन, पण आयुष्यभर तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशीच बोलल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसते. आमची होडी म्हणजे लांबट, शेंगेसारखी, प्लास्टिकची. पुढे मी, मागे ते. मला दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. मुलं किती, गोड खाता का, इकडून वल्हवा, कधीपासून दुखतंय, तिकडून वल्हवा. पण खरं सांगू, तासभर फार सुखाचा गेला. पाणी गुळगुळीत, काठाने पाठमोऱ्या घरांची परसं, कुठे वाळत घातलेल्या चादरी, कुठे कठड्यावर कोपर टेकून चहा पिणारा माणूस. पुढच्या होडीत पोहण्याचे मास्तर शिट्टी तोंडात धरून, मागच्या होडीत त्यांचा दोर घेतलेला मदतनीस, आणि मध्ये आम्ही बारा होड्या दोन-दोनच्या जोड्यांनी. मला आपल्या कॉन्व्हेंट शाळेची रांग आठवली. लहान मुलीचा हात मोठीने धरायचा, आणि मोठीने सोडल्याशिवाय लहानीने सोडायचा नाही. तुझा हात नेहमी थंड असायचा, आणि अंगठ्यावर शाई. प्रार्थनेच्या दालनापर्यंत तू माझा हात इतका घट्ट धरायचीस की माझी बोटं पांढरी पडायची, आणि मी चष्मा हरवला की (रोज हरवायचा) सिस्टरना कळायच्या आत तू शोधून आणायचीस.

आणि ताई, पूल आला. मास्तरांनी एक लांब शिट्टी मारली, म्हणजे थांबा. आम्ही सगळे थांबलो. पुलावर लोक जमले होते आणि मधोमध, चाकाच्या खुर्चीत, पांढऱ्या कपड्यात, हनुवटी तश्शीच वर करून, कोण असेल? आपल्या मोठ्या सिस्टर! नव्वदी कधीच ओलांडली असेल. पुलापलीकडच्या वृद्धाश्रमातून त्यांना आमची गंमत बघायला आणलं होतं. त्यांनी खाली बघितलं. माझ्याकडेच बघितलं.

मी उभी राहिले.

त्याला माझा इलाज नव्हता. मी ठरवून काही केलं नाही. सिस्टर वर्गात आल्या की पाय आपले आपण उठतात, त्यांना पंधरा दिवसांचं पत्रक काय माहीत. मी उठले, हात बाजूला सरळ, वल्हं पट्टीसारखं अंगालगत. आणि मी एकटीच होते असं समजू नकोस. शेजारच्या होडीत दोघी, पलीकडच्या होडीत एक, साठीच्या पुढच्या, ज्यांना मी तासभर नुसतं ‘अहो’ म्हणत होते, त्याही ताडकन उभ्या! चौघींनी मिळून त्याच जुन्या सुरात, शेवट लांबवत, ‘गुऽऽड मॉर्निंग सिऽऽस्टर’ म्हटलं. सूर अजून लागतो, हे विशेष. ‘सिस्टर’चा शेवट मात्र मी पाण्याखाली म्हटला.

तीन होड्या उलटल्या. दातांचे डॉक्टर पाण्यात पडतानाही काहीतरी विचारत होते. मी सूचनेप्रमाणे पाय वर करून पाठीवर तरंगू लागले, जॅकेट कानापर्यंत आलं नाही (हे रकानेबाईंनी नोंदवून घेतलंय). काठावरून सगळे ओरडायला लागले, ‘उभ्या राहा! बाई, उभ्या राहा!’ पाणी छातीएवढंच होतं. पण एकदा चूक झाली ती पुन्हा करायची नाही असा माझा निश्चय, त्यामुळे मी पाय वर करून तशीच काठाला लागेपर्यंत गेले. आणि वरून तो आवाज आला, बारीक झालेला पण तोच, ‘सिट डाउन, गर्ल्स.’

मास्तरांनी मला पुलाजवळच्या पायऱ्यांवर बसवलं. नियमाप्रमाणे रकानेबाई लगेच फोन घेऊन धावल्या. तुला कळवत होत्या ते मला ऐकू येत होतं: पडल्या, बऱ्या आहेत, भिजल्यात, नाही हो, लागलं नाही. नेमक्या त्याच वेळी सिस्टरांनी कठड्यावरून वाकून मला विचारलं, ‘दुसरी कुठाय?’ नाव नाही, काही नाही. त्यांच्या लेखी आपण दोघी एकच जोडी, तिच्यातली एक खाली ओली बसलीय, मग दुसरी कुठाय. चौदा महिन्यांचं काय सांगणार होते मी त्यांना, तेही ओल्या मोज्यांत? मी उभी राहिले (पायरीवर चालतं) आणि म्हटलं, ‘फोनवर आहे, सिस्टर.’ त्यांनी मान डोलावली. म्हणजे हजेरी लागली.

तू रकानेबाईंना एवढंच विचारलंस म्हणे, ‘तिचा चष्मा डोळ्यांवर आहे का?’ नाही, पाण्यात गेला, असं त्या म्हणाल्या तेव्हा तू म्हणालीस, ‘मग काठाकाठाने एकटीला चालू देऊ नका. हात धरा.’ आता या बाई म्हणजे लिहिलेलं शब्दशः पाळणाऱ्या. त्यांनी जो माझा हात धरला तो कपडे बदलायच्या खोलीपर्यंत सोडला नाही, आणि खोलीतही नाही. एका हाताने ओला मोजा काढून बघ एकदा, म्हणजे कळेल.

तर इतकंच कळवायचं होतं. भाऊजींना नमस्कार, आणि त्यांना रागावू नकोस. प्रकृतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. अक्षर तिरकं आलंय ते थरथरीमुळे नव्हे. चष्मा अजून कालव्यात आहे. मास्तरांनी दोनदा बुडी मारून एक चष्मा वर आणला, पण तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. मी यांचा जुना वाचायचा चष्मा लावून लिहितेय. आरामखुर्चीत बसून. पांढरी चिठ्ठी मी काढून टाकलीय, पिवळ्या तशाच आहेत.

ता. क. २. टाचणीने गल्लीभर मी बुडाल्याचं सांगितलंय. तुझ्यापर्यंत आलं तर विश्वास ठेवू नकोस.

ता. क. ३. पुढची वल्हवणी तीन महिन्यांनी आहे. दातांच्या डॉक्टरांनी दुसरा जोडीदार मिळावा असा लेखी अर्ज दिलाय. मी माझा फॉर्म आणलाय आणि पुढच्या जागेवर तुझं नाव घातलंय, पेन्सिलीने, घाबरू नकोस. होडीत गुडघा वाकवावा लागत नाही, मी विचारून घेतलंय. अडचण एकच: जो होडीत असेल त्याचा नंबर आपत्कालीन रकान्यात चालत नाही. भाऊजींचा घालू का? त्यांनी काठावर यंत्र घेऊन बसावं.

ता. क. ४. समेटाचं वर काय लिहिलंय ते मी आत्ता पुन्हा वाचलं. खोडायला हवं होतं, पण खाडाखोड केलेला कागद सिस्टरना चालायचा नाही. तू तेवढं वाचू नकोस.

ता. क. ५. उत्तर पत्राने नको, फोन कर. घरच्याच नंबरवर. पाठीमुळे मला खुर्चीतून उठायला पाच-सहा रिंगा लागतील. ठेवून देऊ नकोस.