प्लगची टोपी

३ मार्च, सोमवार

आज हंगामाचं पहिलं भाषण ठोकलं. शेडमध्ये चौदा जण दाटीवाटीने बसलेले, त्यात चार नवीन. नवीन लोकांची तोंडं बघायला मला आवडतं — गवत कापायला काय शिकायचं असतं, असं स्पष्ट लिहिलेलं असतं त्यावर. मग मी उजवा हात वर करतो. मधलं बोट नाही, शेजारचं नाही. तोंडं उतरतात. एकाने आज स्वतःची बोटं मुठीत लपवली, मला दिसलं.

सांगितलं ते नेहमीचंच. कापायच्या आधी मैदान चालून दगड, तारा, खिळे वेचा. पात्याखालून उडालेला खडा डोळा फोडतो. इंजिन तापलेलं असताना टाकीत पेट्रोल ओतू नका, निवू द्या. उतारावर आडवं चाला. हँडलवरचा लिव्हर सोडला की मशीन बंद पडलं पाहिजे — हात दुखतो म्हणून तो तारेने बांधणारा मला दिसला तर त्याने सरळ घरी जावं. आणि शेवटचं. पात्याला हात लावायच्या आधी प्लगची टोपी, म्हणजे ठिणगीची वीज आणणारं टोपण, काढायची. मशीन बंद असलं तरी. पातं आणि इंजिन एकाच दांड्यावर असतात. पातं हाताने फिरवलंत की इंजिन फिरतं, टोपी जागेवर असली तर ठिणगी पडते आणि तापलेलं इंजिन एक उसळी मारतं. एकच. तेवढी पुरते.

मग कोपऱ्याकडे बघून म्हटलं, "ही दोन बोटं टोपी न काढल्यामुळे गेली. टोपी काढायचं काम कोणाचं होतं, ते त्यांनाच विचारा." कोपऱ्यात धाकटा उभा होता. सख्खा भाऊ माझा, आणि याच शेडमध्ये माझ्या हाताखाली. दरवर्षीसारखाच म्हणाला, "माझं."

अकरावं वर्ष. आवाज अजून तसाच निघतो, विहिरीतून आल्यासारखा. भाषण झालं की मला जेवण चांगलं जातं.

५ मार्च, बुधवार

शेडमध्ये सगळे धाकट्याला 'दोनदा' म्हणतात. नाव मीच पाडलं. नळ दोनदा बघतो, कुलूप दोनदा ओढतो, गॅस बंद करून जिन्यावरून परत येतो. मी मुद्दाम विचारतो, "नक्की बंद केलास?" की झालं, पुन्हा चढला दोन मजले! काल तीनदा चढवला. तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा धापा टाकत होता. म्हटलं, काय रे, वय झालं?

हिला ते आवडत नाही. बायकोला माझं काय आवडतं म्हणा!

६ मार्च

सकाळी सात वाजता तो माझ्या खोलीत येतो आणि माझ्या शर्टाची बटणं लावतो. खालून वर. गळ्याचं सोडून. मान खाली असते. मी छताकडे बघत उभा राहतो.

ही आज म्हणाली, "भाऊजींना ताप होता तेव्हा आठवडाभर तुमची बटणं तुम्हीच लावत होता की. मी बघितलंय."

जमतं मला. पण का लावू?

८ मार्च, शनिवार

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. नदीपलीकडे आमच्या संस्थेचं नवीन आवार होतंय, तीन मैदानं, नवी कोरी मशीनं. तिथल्या शेडवर प्रमुख हवा. राहायला दोन खोल्या. मला वाटलं माझाच सल्ला विचारतायत. तर म्हणतात, "तुमच्या भावाने अर्ज केलाय. त्याच्यासारखा काळजीवाला माणूस मी बघितला नाही हो. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक अपघात नाही."

मी म्हटलं, "एक आहे." आणि हात टेबलावर ठेवला.

साहेबांनी अर्जाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "जुनं झालं ते. प्रात्यक्षिक घेऊ. बाहेरचाही एक उमेदवार आहे. जो नीट करेल तो."

अर्ज केला आणि मला पत्ता नाही! माझ्या घरात राहून, माझ्या ताटाशेजारी जेवून!

९ मार्च, रविवार

जेवताना काढलाच विषय. "प्रमुख होणार म्हणे. माणसं घेताना त्यांची बोटं मोजून वहीत लिहून ठेव. नंतर हिशेब लागत नाही."

त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "दादा, मला जाऊ दे." मागत होता! चाळीस वर्षांचा बाप्या. म्हटलं, जा की, मी धरलंय का? मशीनसमोर हात थरथरायला लागले की येशीलच परत.

ही मधेच उठून गेली. भांडी आपटत बसली.

१२ मार्च, बुधवार

झोप लागली नाही म्हणून पहाटे वही घेऊन बसलोय. ही वही पेटीत असते, किल्ली माझ्या करदोट्याला. कोणी वाचत नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

त्याने टोपी काढली होती.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार मला काल घडल्यासारखी आठवते. पात्याला धार लावायची होती. त्याने टोपी काढली, बाजूला वळवून ठेवली, आणि पाना आणायला आत गेला. मला वाटलं इंजिन जरा अडखळत होतं, चोक एकदा बघून घेऊ. मी टोपी बसवली, दोरी ओढली, कान लावून ऐकलं, बंद केलं; मैदानात दुसरी मशीनं धडधडत होती, त्याला आत वेगळं काही ऐकू गेलं नाही. आणि टोपी तशीच राहिली. तो पाना घेऊन आला. मी विचारलं, "टोपी काढली?" तो म्हणाला, "काढली." मी मशीन आडवं करून आत हात घातला.

हॉस्पिटलात शुद्धीवर आलो तेव्हा तो पायाशी उभा होता. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू म्हणालास काढली म्हणून." ठरवून नव्हतं म्हटलं. पण त्याचा चेहरा बघितला आणि परत घेतलं नाही. त्याला आठवत होतं काढल्याचं, पण टोपी तर जागेवर सापडली होती, चारचौघांनी बघितली होती. तेव्हापासून त्याचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाच उडाला. मला त्याचा उपयोग होत गेला. त्याचं लग्न ठरत होतं, मुलीच्या मामाला मी नुसता हात दाखवला आणि म्हटलं, भाऊ गुणी आहे, जरा विसराळू आहे एवढंच. दुसऱ्या दिवशी नकार आला.

वाईट वाटतं का? वाटायला हवं. बोटं माझी गेली ना पण. त्यांच्या बदल्यात मला काहीतरी मिळायला नको?

१५ मार्च

बुधवारी प्रात्यक्षिक. मशीन निवडून शेडमध्ये तयार ठेवायचं काम माझं. साहेब म्हणाले, तुम्ही शेजारी उभे राहा, उमेदवाराला काही लागलं तर द्या.

देतो की.

१७ मार्च, सोमवार

धाकटा खूश आहे. शिट्टी वाजवत होता न्हाणीघरात! मी बाहेरून विचारलं, "नळ?" शिट्टी थांबली.

१९ मार्च, बुधवार

झालं.

बाहेरचा उमेदवार आधी. उंच, मान तिरकी. ठीक केलं त्याने, हात जड आहे. मग धाकटा. मशीन दहा मिनिटं गवतात चालवायचं, आणायचं, बंद करायचं, एअर फिल्टर झटकायचा, प्लग बघायचा, पातं उतरवून कानस मारायची. हात सुंदर चालतो त्याचा, ते नाकारत नाही. टोपी काढली. प्लग काढला, आमच्याकडे पाठ करून काहीतरी पुसत बसला, परत बसवला. टोपी बाजूला वळवून ठेवली — अगदी त्या दिवशीसारखी! मग पातं अडवायला लाकडी ठोकळा आणि मोठा पाना आणायला आत गेला. साहेब तिरक्याचा कागद भरत होते.

मी वाकलो आणि टोपी बसवली. टक् असा आवाज झाला. कोणी बघितलं नाही. इंजिन तापलेलं होतं, हाताला चटका बसला.

ठरलेलं असं होतं, की तो हात घालायला गेला की मी ओरडायचं. सगळ्यांसमोर. पुन्हा विसरलास!

तो आला, गुडघ्यावर बसला, मशीन आडवं केलं, हात पात्यापर्यंत गेला. पातं थोडं फिरलंसुद्धा. तेवढ्यात साहेब ओरडले, "टोपी! टोपी बघा!"

त्याने हात बाहेर काढला. सावकाश. टोपीकडे बघितलं. मग शर्टाच्या खिशावरून हात फिरवला, काय चाचपत होता देव जाणे. मग माझ्याकडे बघितलं. इतका वेळ त्याने माझ्याकडे अकरा वर्षांत बघितलं नसेल.

साहेबांनी विचारलं, "काढली नव्हतीत?"

म्हणाला, "राहिली असेल माझ्याकडून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. जागा तिरक्याला.

२० मार्च

मी ओरडणारच होतो. साहेब आधी ओरडले.

२१ मार्च, शुक्रवार

घरात सगळं जिथल्या तिथे. सात वाजता आला, बटणं लावून गेला. मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस, प्रत्येकाचा पिंड असतो." हो म्हणाला. मला वाटलं होतं रडेल, निदान जेवणार नाही. दोनदा भात घेतला.

माझं मात्र अन्न तोंडात फिरतंय.

२२ मार्च, शनिवार

खरं लिहितो. ओरडणार नव्हतो. तोंड उघडलं होतं, आवाज काढला नाही. पातं फिरताना दिसलं आणि मी वाट बघत होतो.

२४ मार्च, सोमवार

परीक्षेचं मशीन तेव्हापासून कोपऱ्यात पडून होतं. आज बाहेर काढलं तर सुरू होईना. माणसाने वीस वेळा दोरी ओढली, घामाघूम झाला. शिव्या घालत मी प्लग काढला.

जुना, काळा प्लग. खालची पट्टी हातोड्याने ठोकून पार चपटी केलेली, मधल्या टोकाला चिकटलेली. त्याला ठिणगी पडणं शक्यच नाही. पेट्रोलात बुडवून दोरी ओढली तरी नाही. मेलेला प्लग, आणि कोणीतरी मुद्दाम मारलेला. मी चोख प्लग लावून मशीन दिलं होतं!

घरी आलो. ही धुण्याचे कपडे काढत होती. धाकट्याच्या शर्टातून एक प्लग काढून तिने फळीवर ठेवला. स्वच्छ, चांगला. मी विचारलं, हा काय?

"भाऊजींचा. नवीन आहे का ते? अकरा वर्षं धुण्यात प्लग सापडतोय, एरवी पँटच्या खिशात, काळा, चपटा." मग सांगायला लागली, तोंड कपड्यांतच. "मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, वहिनी, पात्याला हात लावायच्या आधी मी चांगला प्लग काढून शर्टाच्या खिशात ठेवतो आणि त्या जागी पँटच्या खिशातला मेलेला बसवतो, भोकात कचरा जायला नको म्हणून. काम झालं की परत बदलतो. प्लग बदलायचा तर टोपी काढावीच लागते ना. मग नंतर शंका आली की शर्टाचा खिसा चाचपतो. प्लग हाताला लागला म्हणजे टोपी मी काढली होती. म्हणाले, डोक्यावर माझा भरवसा नाही वहिनी, खिशावर आहे."

मी खाली बसलो. ही म्हणाली, "काय झालं हो?"

काही नाही म्हटलं. काय सांगणार? बुधवारी हात आत गेला तेव्हा त्याला धोका नव्हताच. आणि खिसा चाचपला तेव्हा त्याला कळलं, टोपी त्याने काढली होती. ती बसवायला तिथे दुसरं कोण होतं? तरी साहेबांना म्हणाला, राहिली असेल. मला वाचवलं, की माझा चेहरा नीट बघून घेतला, ते मला समजत नाही. बुधवारचं कळलं म्हणजे त्या दुपारचंही कळलं असणार. पाच दिवस झाले. पाच सकाळी त्याने माझी बटणं लावली.

प्लग होता तिथेच फळीवर ठेवला. भीती वाटते मला. हे लिहायला लाज वाटत नाही, भीती खरंच वाटते.

२५ मार्च, मंगळवार

सात वाजता आला. बटणं लावली, खालून वर, आणि आज गळ्याचंसुद्धा. मग फळीवरचा तो प्लग उचलून माझ्या खिशात ठेवला. त्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, ती उचलली. नळाकडे बघितलं नाही. गॅसकडे बघितलं नाही. दार ओढून घेतलं — एकदाच. मी बराच वेळ जिन्याकडे कान लावून उभा होतो. परत आला नाही.