चूलबंद आवतण

१६ नोव्हेंबर

नोकरी लागली, आणि तीसुद्धा यॉटवर! दोस्ताला, राजूला सांगितलं तर त्याच्या नाकातून चहा आला. म्हणाला, बदलापूरला समुद्र कधी आला रे, मला कोणी बोललं नाही. समुद्र नाहीच आहे. धरण आहे, डोंगरात. पण केवढं! जुनी टेकाडं बुडाली, त्यांचे माथे तेवढे वर राहिले, त्यांचीच झाली बेटं. त्यांच्याभोवती आमची पांढरीशुभ्र यॉट फिरते आणि पाणी असं चमकतं की गॉगलशिवाय डोळे उघडत नाहीत.

मालक धर्मेश सेठ. उल्हासनगरला जीन्सचा धंदा. गोव्याहून सेकंडहॅन्ड यॉट आणली, ट्रेलरवर घालून, वाटेत दोन ठिकाणी केबलच्या वायरी तोडत. उल्हासनगरात काय बनत नाही, लोक म्हणायचे, समुद्र तेवढा राहिलाय. सेठनी तोही बनवला. बेटांना नावंसुद्धा ठेवलीत, मालदीव, मॉरिशस वगैरे. माझं काम म्हणजे लोकांना जॅकेट चढवायचं, थंडा द्यायचा आणि ‘राइट साइडला मॉरिशस’ असं ओरडायचं.

याआधी अंबरनाथच्या फॅक्टरीत चार दिवस टिकलो, गोव्याच्या शॅकमध्ये एक सीझन, मग लोणावळ्याला चिक्की. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे, या वेळी टिक बाबा. ही डायरी सेठनी कालच दिली, दिवाळीची उरलेली. ऋतिका, माझी बहीण, म्हणाली तू चार पानं पण लिहिणार नाहीस. म्हणून लिहितोय.

२१ नोव्हेंबर

मजा आहे. यॉट चालवतात कमळाकरमामा, उरणचे तांडेल. खाऱ्या पाण्यातला माणूस. गोडं पाणी त्यांना पसंत नाही, म्हणतात याला वासच नाही, समजतच नाही याच्या मनात काय आहे. दिवसभर विड्या ओढतात आणि सेठला शिव्या देतात, सेठ समोर असला तरी, फक्त हळू आवाजात.

आज एक प्री-वेडिंगवाले आले होते. नवरीचा घागरा इंजिनात अडकता अडकता राहिला. नवरा म्हणाला, कट करा, नंतर एडिट करू. तिने जो लुक दिला ना! लग्न होतंय का बघू.

दुपारी मॉरिशस बेटाला तासभर थांबतो. वर एक आंब्याचं झाड आणि दगडांचा चौथरा. पब्लिक फोटो काढते, मी पलीकडच्या बाजूला डबा खातो. आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिलेली.

समोर पाण्यात एक माणूस उभा होता. गुडघाभर पाण्यात. धोतर, डोक्याला टॉवेल. मासे धरणारा असेल. माझ्याकडेच बघत होता. आता आमच्या घरची सवय अशी की खाताना समोर कोणी आलं तर ‘या जेवायला’ म्हणायचं. कुरियरवाला असला तरी. समोरचा ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणतो आणि वाटेला लागतो. खरंच कोण येतं?

तर मी म्हणालो, या जेवायला.

तो ‘चालू द्या’ म्हणाला नाही. त्याने मान हलवली. हो अशी.

मी जरा ओशाळलो. खाली बघून भाकरी मोडली आणि वर बघितलं तर गेलेला. निघताना मामांना सांगितलं, तिथे उथळ आहे, माणूस उभा राहतो. मामांनी यॉट तिकडून घेतली, लांब बांबू खाली घातला. पूर्ण गेला. मामांचा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला तरी तळ लागला नाही. मामा म्हणाले, तुला ऊन लागलंय, टोपी घाल.

२३ नोव्हेंबर

टोपी घातली. तरी डबा उघडला तर एक भाकरी कमी. कागदावर गाळ, बोटं उठलेली. मामा माझी भाकरी कशाला खातील, त्यांना तर चपाती लागते.

धक्क्यावर कौसाबाई बसतात, बोरं आणि उकडलेल्या शेंगा विकतात. त्यांचं गावच इथे पाण्याखाली गेलं. टाइमपास म्हणून त्यांना त्या माणसाचं सांगितलं. त्यांनी शेंगांचा कोन तसाच हातात धरला आणि विचारलं की धोतर होतं काय, टॉवेल होता काय. मग म्हणाल्या, तो सदू. आमचा गावकर, गावचा मुख्य.

त्यांनी सांगितलं ते असं. गाव सोडायच्या दिवशी सदूने अख्ख्या गावाला शेवटचं जेवण घातलं. चौथऱ्यापासून खाली उतारावर पंगत बसली, पत्रावळीवर भात वाढला आणि खालून ओरडा झाला की पाणी चढलं. लोक पोरंबाळं उचलून पळाले. सदूला हाका मारल्या. तो म्हणाला, पंगत जेवल्याबिगर यजमान उठंल कसा? नाय उठला.

त्या वाढून ठेवलेल्या भातावर पाणी आलं, पोरा. जेवलां नाय कोनी.

मग त्यांनी विचारलं, तू त्याला काय बोल्लास? मी सांगितलं, भाकरीचंसुद्धा. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, तो तुजं जेवला. आता तो तुला बोलवंल. खाल्ल्याची परतफेड करनाराच व्हता तो.

मी हसलो. कोन घेतला, शेंगा खाल्ल्या. खारट होत्या.

२५ नोव्हेंबर

डेकवर माझ्या नेहमीच्या जागी तांदूळ पडलेले. हळद-कुंकू लावलेले, ओले. अक्षता. आवतणाला ठेवतात तशा. गेल्या काही दिवसांत कोणाची पूजा झालेली नाही बोटीवर.

पाय लागू नये म्हणून हाताने गोळा केल्या आणि पाण्यात सोडल्या. त्या बुडाल्या नाहीत. यॉटच्या मागे मागे येत राहिल्या, धक्क्यापर्यंत. मामांनी पण बघितलं. विडी पेटवली, पण ओढली नाही.

२६ नोव्हेंबर

घरी आलो तर आई खूश. म्हणाली, अरे तुझ्या ओळखीचे कोणीतरी आले होते, गावाकडचे वाटले. किती रीतीचे! चप्पल बाहेर काढली, पाणी पण घेतलं नाही, दारात अक्षता ठेवल्या आणि घरटी एक माणूस जेवायला पाठवा म्हणाले. जिना सगळा ओला करून गेले तेवढं सोडलं तर.

आईने त्या अक्षता देव्हाऱ्यात ठेवल्यात. म्हणजे आवतण घेतलं.

मी विचारलं, जेवण कधीचं? म्हणाली, ते म्हणाले त्याला माहीत आहे, दुपारचं, त्याच जागी.

जाणार नाही. उद्या सुट्टी टाकतो. सेठला पोट बिघडलं सांगतो. वाटलं तर नोकरीच सोडतो, पुण्याला जातो, तिकडे माझा मित्र अभिजीत आहे, त्याच्या रूमवर —

आईला काय सांगू?

२७ नोव्हेंबर

गेलो नाही. दिवसभर घरात. दुपारी बाल्कनीत गेलो, खाली सोसायटीच्या गेटपाशी ऊन रखरखत होतं आणि त्या उन्हात तो उभा होता. वॉचमनच्या शेजारी. वॉचमन मोबाइल बघत होता. सदूच्या पायाखाली पाणी साचलेलं आणि ते वाढत होतं, हळूहळू, वॉचमनच्या खुर्चीपर्यंत.

मी आत आलो. दाराची कडी लावली.

दार आईने उघडलं. मी बाथरूममध्ये होतो.

बाहेर आलो तर देव्हाऱ्यात आणखी अक्षता. आई म्हणाली, ते परत आले होते रे, तू गेला नाहीस म्हणून वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, एकट्याला संकोच वाटत असेल तर सगळेच या. चूलबंद आवतण दिलं.

चूलबंद. म्हणजे घरातली चूल पेटवायची नाही, अख्ख्या घराने यायचं. आमच्या घरात तिघंच. मी, आई, ऋतिका.

संध्याकाळी गॅस पेटला नाही. सिलिंडर भरलेला. शेजारच्या अंजनाताईंची शेगडी आणली, ती पण नाही. त्यांच्याकडे नेली की पेटते.

२८ नोव्हेंबर

त्या दोघी काही खात नाहीत. वडापाव आणला, तसाच पडून आहे. ऋतिकाला म्हणालो, अगं डाएटवर आहेस का? ती म्हणाली, आज काय बाहेरचं खायचं, आवतण आहे ना. आणि लाजल्यासारखी हसली. तिने कॉलेजच्या फंक्शनची साडी काढून ठेवलीय. आईने हिरवी. इस्त्री पण केली.

ओरडलो त्यांच्यावर. आई म्हणाली, बोलावणं आल्यावर असं करतात का, लोक काय म्हणतील. तिचे ओठ सुकलेत. पाणी पण पीत नाही.

दोघींना रिक्षात घालून अंबरनाथला मावशीकडे आणलं. मावशीने गॅस लावला. लागला नाही.

मावशी म्हणाली, काय गं ताई, नवी साडी? कुठे जेवण आहे?

२९ नोव्हेंबर, सकाळ

मावशीला दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. दोघी आत बसल्यात, साड्या नेसून, शांत. लग्नाच्या हॉलमध्ये बसतात तशा. तिसरा दिवस, पोटात अन्न नाही.

पहाटेच कौसाबाईंकडे गेलो. पाया पडलो. त्यांनी मला उठवलं. मग म्हणाल्या, रीत रीतच असतीया, त्याला पन ती सुटली नाय. घरातला एक जरी जेवला तर त्याच्या लेखी सगळं घर जेवलं. मंग त्या घरच्या दुसऱ्याला बोलावू शकत नाय तो.

मी विचारलं, जो जेवतो त्याचं काय?

त्या बोरं निवडत राहिल्या.

मी परत विचारलं.

म्हणाल्या, यजमान उठल्याशिवाय पंगत उठत नाय. तुज्याआधी बोलावलेली अजून बसलीत.

२९, दुपार

मामा बेटावर सोडायला तयार नव्हते. रडलो तेव्हा सोडलं. यॉट घेऊन लगेच माघारी वळले. डायरी बरोबर आहे. ऋतिकाला देईल कोणीतरी.

बेट रिकामं. ऊन. आंब्याखाली पंगत मांडलेली, चौथऱ्यापासून खाली पाण्यापर्यंत, आणि पाण्यातही — पुढे खाली दिसतात पत्रावळी, एकामागे एक, खोल —

माणसं बसलीत. मान खाली. केस ओले. कोणीच जेवत नाही.

मला वरची जागा दिली. पाहुणा म्हणून.

सदूने स्वतः भात वाढला. वाफ येते. वास चांगला आहे. मला भूक लागलीय, खूप —

माझ्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी रिकाम्या. मी विचारलं या कोणाच्या. तो म्हणाला, येतात की. घाई काय. सगळी बसल्यावर पहिला घास.

इंजिनाचा आवाज.

यॉट परत येतेय. मामा, का — पुढे डेकवर दोघी. हिरवी साडी. कुलूप होतं ना, मावशी, कुलूप —

आई हात करतेय. हसतेय.

थांबायचं नाही. पंगत बसायच्या आधी जेवायचं. रीत मोडायची. मी एक, घरटी एक, त्या उतरायच्या आत —

सदू बघतोय. मान हलवतोय, नाही अशी.

आई ओरडतेय, अरे थांब, असं एकट्याने बसतात का, आम्ही आलो —

उजव्या हाताने लिहितोय, डाव्यानेच घेतो. भात गरम आहे. आई, उतरू नकोस, मी जेव