गुरुवार, शुक्रवार, शनिवार

प्रिय चिंगे,

तू मागितलेला कागद सापडला. पत्र्याच्या पेटीत, तुझ्या प्रगतिपुस्तकांच्या खाली होता. घड्यांवर विरला आहे, म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवते आहे. फोनवर तू म्हणालीस, सोमवारी नव्या लोकांच्या हाती कंपनीच्या गाड्या द्यायच्या आहेत, त्याआधी त्यांच्या जबाबदाऱ्या मलाच समजावून सांगायच्या आहेत, नुसते नियम वाचले तर जांभया देतात, बाबांचा कागद दाखवला की गप्प बसतील. मी बरं म्हटलं. त्याला दोन दिवस झाले. कागद टेबलावर आहे आणि मी त्याच्यासमोर. चहा गार होतो, गरम करते, पुन्हा गार होतो.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे ते तुला आठवतं. कंपनीने गाडी दिली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. करड्या रंगाची, मागे हत्यारांची पेटी. गाडीबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती. मी चौथीत शाळा सोडलेली बाई, सामान बांधून आलेले कागद वाचत वाचत वाचायला शिकले. ती पुस्तिका म्हणजे मी अथपासून इतिपर्यंत वाचलेलं पहिलं पुस्तक. घरच्यांना गाडीत बसवू नये. दुसऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. झोप झाली नसेल तर चालवू नये. बिघाड दिसला तर लगेच कागदावर नोंदवावा आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी जागची हलवू नये. मी मोठ्याने वाचायचे आणि हे जेवता जेवता म्हणायचे, "लग्नात एवढ्या अटी नव्हत्या गं."

पाळायचे मात्र सगळं. एकदा मी दोन जड पिशव्या घेऊन बसथांब्यावर उभी होते. समोरून हे आले, काच खाली केली, "जड आहे का फार?" विचारलं आणि निघून गेले. मी बसने घरी पोचले, तर जिन्याखाली उभे, पिशव्या घ्यायला. "तुम्ही आणि तुमची ती करडी सवत, सुखाने नांदा," असं मी म्हटलं, तेव्हा तू सवत म्हणजे काय विचारलंस आणि आम्ही दोघं सांगेचना. पुढे कितीतरी दिवस तू त्या गाडीला सवतच म्हणत होतीस. खाली शेजाऱ्यांसमोरसुद्धा.

आता कागद नीट बघ. सहा ओळी आहेत: टायर, दिवे, आरसे, वायपर, ब्रेक, तेल-पाणी. वर सहा वार. रोज सकाळी गाडीभोवती फिरून, वाकून बघून एकेका चौकोनात टिक करायची, आणि शनिवारी कागद कचेरीत द्यायचा. बाबा गेले ते बुधवारी. उतारावर ब्रेक लागला नाही, वळणावर माणसं उभी होती, म्हणून गाडी त्यांनी भिंतीवर घातली. आठ दिवसांनी कंपनीचे साहेब घरी आले आणि गाडीत सापडलेल्या कागदाची ही प्रत याच टेबलावर ठेवली. बुधवारच्या ब्रेकला टिक होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवारलाही टिक होती. मेलेल्या माणसाने तीन दिवस गाडी तपासली होती. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, न बघताच खुणा करत होते. टिका त्यांच्याच ना?" मी होकाराची मान हलवली. तू दाराशी उभी होतीस, दप्तर पाठीवरच होतं.

त्यांनी लिहून टाकलं, कर्मचाऱ्याची कसूर. तू लिहिलं नाहीस, पण तुझंही तेच ठरलं. भिंतीवरचा फोटो आधी कपाटावर गेला, मग कपाटात. परवा फोनवरही तू सहज म्हणालीस, "मी बाबांसारखी नाही आई, मी रोज वाकून बघते." पंधरा वर्षं मी हे वाक्य या ना त्या रूपात ऐकते आहे आणि प्रत्येक वेळी हं म्हणते आहे.

चिंगे, टिका माझ्या आहेत. ह्यांचे हात ग्रीसने माखलेले, कागदावर डाग पडायचे, म्हणून दर रविवारी आठवड्याचा कागद मी भरायचे, पट्टी धरून, निळ्या पेनाने. बघण्याचं काम त्यांचं, आणि ते रोज बघायचे. काही वेगळं दिसलं तरच माझी टिक खोडायची, असं आमचं ठरलं होतं. महिनाभर आधी आमचा एक कागद कचेरीच्या फळ्यावर नमुना म्हणून लावला होता. माझं अक्षर फळ्यावर, कुणाला माहीत नाही तरी फळ्यावर. त्या बुधवारी हे खाली जाऊन परत वर आले, कागद हातात. म्हणाले, "ब्रेक खोल जातोय, ही टिक खोडून दे." मी म्हटलं, "एवढ्या सुंदर पानावर काट नका मारायला लावू मला. संध्याकाळी वेगळ्या कागदावर नीट लिहून देते." खोडली असती तर गाडी जागची हलली नसती, हे मला माहीत होतं. नियम मीच वाचून दाखवला होता. ते हसले, "बरं बाई, तुझं पान," म्हणाले आणि जिना उतरले.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. ती देणारा माणूस नाही, आणि तू दिलीस तर मला कुठे ठेवायची कळणार नाही. सोमवारी हा कागद सगळ्यांना दाखव, हातोहात फिरव. फक्त माझे वडील म्हणू नकोस. माझी आई म्हण.

तुझीच,
आई