पप्पांच्या माघारी पहिला ईस्टर

१३ एप्रिल २००३, रविवार

आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आठवडाभर आधीचा. चर्चबाहेर पाळकसाहेबांनी अडवलंच! "सुजाता बहन, ईस्टर की सुबह आप गवाही देंगी. ससुर की ऐसी सेवा आजकल कौन बहू करती है?" सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची! मी नको नको म्हणत होते तर नीलेशच बोलून गेला— "देगी, पास्टर साहब, ज़रूर देगी!" नवऱ्याला काय, हो म्हणायला. आई, म्हणजे सासूबाई, बाजूलाच होत्या, हातात झावळी धरून.

पप्पा जानेवारीत गेले. लकवा मारल्यापासून चार वर्षं अंथरुणात. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं— ऑफिस सांभाळून सगळं मी केलं. ते खोटं नाही. पण ते गेले त्या सकाळी मला काय वाटलं, ते कुणाला ठाऊक आहे? सुटले, असं वाटलं. पप्पा नव्हे— मी!

ते तिरसट असते तर बरं झालं असतं. पण इतका गोड माणूस! अर्ध्या वाकड्या तोंडानं घास खायचे आणि दर घासाला "थँक्यू बेटा" म्हणायचे. रेल्वेत गार्ड होते, सगळ्यांशी तसेच बोलायचे.

१५ एप्रिल, मंगळवार

उन्हानं जीव नकोसा झाला. कूलरच्या जाळीतली खस अजून बदललेली नाही.

संध्याकाळी आई आमच्या कौमुदीला येशू कबरीतून उठल्याचं ईस्टरचं गाणं शिकवत होत्या. पोरीनं मध्येच विचारलं, "दादी, दादाजी भी उठेंगे क्या?" आई म्हणाल्या, "हव बेटा. त्या दिवशी सगळेच उठतीन."

मी कणीक मळत होते. मनात पहिलं काय आलं? म्हणजे पुन्हा भांडं द्यायचं!

शी! कणीक जोरजोरात तिंबायला लागले.

१६ एप्रिल

गवाही लिहायला बसले. एक ओळ नाही सुचली.

१७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी प्रभुभोजन. मन साफ नसेल तर घेऊ नये म्हणतात. सगळे उठून भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढे गेले, मी बाकावरच बसून राहिले. घरी येताना नीलेशला सांगितलं, अ‍ॅसिडिटी झाली होती. भाकरीचा एवढासा तुकडा, त्याला अ‍ॅसिडिटीचं निमित्त!

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

आज मी काय करून बसले!

दुपारी बाराला सगळे तीन तासांच्या उपासनेला निघाले. मी म्हटलं डोकं दुखतंय, मी घरीच थांबते. डोकं दुखत नव्हतं. ते गेटबाहेर पडले आणि मी भैय्यालालला फोन केला. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात त्याचं दुकान आहे, दवाखान्याच्या जुन्या वस्तू गरजूंना देतो. म्हटलं, पप्पांचा पलंग आहे, दांडा फिरवला की डोक्याकडून वर होतो तो. आत्ताच्या आत्ता घेऊन जा.

तो दुकानातल्या पोरांना घेऊन आला, पलंग सुटा केला, तीनचाकीवर घातला. "दीदी, माताजी से पूछ लिया ना?" मी हो म्हटलं.

ईस्टरला जेवायला वीसेक माणसं येणार, खोलीत जागा हवी— असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे तो पलंग मला बघवत नव्हता. आणि आई त्याच्याच शेजारी जमिनीवर गादी टाकून झोपतात, हात वर करून त्याचा लोखंडी गज धरून. हे मला माहीत होतं! रोज बघत होते!

आई परतल्या. दारातच थांबल्या. "पलंग?"

"पाहुण्यांना जागा लागेल ना, आई..."

"हव."

एवढंच. पांढऱ्या लुगड्याचा पदर आवरला आणि मोकळ्या फरशीकडे बघत बसल्या. उपास सोडायला भात वाढला, तो तसाच राहिला.

नीलेश स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आज के दिन? आज ही करना था तुम्हें?"

१९ एप्रिल, शनिवार

सकाळीच स्कूटर काढून भैय्यालालकडे गेले. म्हटलं, चूक झाली, पलंग परत द्या. त्याचं तोंड उतरलं. "दीदी, वो तो कल शाम को ही चला गया. पीछे वाली गली में एक अम्मा को लकवा है."

मी त्या गल्लीत गेले. दार उघडंच होतं. पलंगावर एक म्हातारी, उशाकडून वर केलेली, आणि माझ्याच वयाची एक बाई तिला वरण पाजत होती. तिनं विचारलं, "किससे मिलना है?"

काही नाही म्हटलं. वळले.

घरी आई कांद्याच्या सालींत अंडी उकळत होत्या. ईस्टरची रंगीत अंडी, कौमुदीसाठी. छान तांबूस रंग आला होता. मी सांगितलं, पलंग परत नाही मिळाला. त्यांनी झाऱ्यानं एक अंडं उलटं केलं. "मटन आणाले नीलेशले लवकर धाड," म्हणाल्या.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे कब्रस्तानात उपासना. पप्पांच्या कबरीवर आईंनी झेंडू घातले, कौमुदीनं मेणबत्ती लावली. "प्रभू उठला आहे!" — "खरोखर उठला आहे!" सगळे एकमेकांना भेटत होते. मग पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं.

उभी राहिले. रात्री कसंबसं लिहून थोडंफार पाठ केलं होतं. पण तोंडातून भलतंच आलं— "पापाजी गए, उस दिन मुझे चैन मिला. मैं खुश हुई थी. मेरी तारीफ़ मत कीजिए."

कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं. नीलेश माझ्याकडे बघेना.

पाहुणे मात्र सगळे आले! मटन, पुलाव, लाल अंडी, हसणं-खिदळणं. त्या रिकाम्या खोलीतच पंगत बसली. आईंनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. मलाही वाढलं. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी नीलेश कामावर गेल्यावर आई माझ्यापुढे येऊन बसल्या. "तुले नुसतं हायसं वाटलं. मी त रोज मागून राहिली होती देवाले— ने आता यायले तुझ्यापाशी, म्हणून. दोन वर्षं मागितलं. त्या पलंगापाशी मी त्यायची माफी मागाले झोपत होती, सुजाता. आता कुठं मागू, सांग?"