वेडीचा धडा

३ जुलै
परत शाळेत. बाळ गेल्यावर आज पहिल्यांदा. स्टाफरूममध्ये शिरली तशा सगळ्या गप. प्रिन्सिपल मॅडम गोड बोलल्या, "आप आराम से लायब्ररी सँभालिए।" माझं नववीचं हिंदी दुसऱ्या सरांले दिलं. नागपूरच्या डॉक्टरनं बरी म्हटलं, ते कोणी विचारलंच नाही.

५ जुलै
स्वयंपाकघरात चाकू दिसत नाही. मी उठायच्या आधी सासूबाई भाजी चिरून ठेवतात. विचारलं तर, "तुले काहून तरास?"
बाळ गेलं तवा म्हणत, रडू नोको. मंग म्हणत, ही रडत काहून नाही? मंग नागपूर, पागलांचा दवाखाना.

८ जुलै
हिंदीचे सर सुट्टीवर. मॅडमनं नववीत मले पाठवलं. "सिर्फ बच्चों को बैठाना है।" धडा नेमका वेडीचा निघाला. एका बाईचं पोर मरते, गाव तिले पागल म्हणते, शेवटी ती होते. खाली प्रश्न: वह पागल क्यों हुई? पहिल्या बाकावरच्या राखीनं गाइडमधलं वाचलं, "पुत्रशोक के कारण।"
म्हटलं, पोर तर पहिल्याच पानावर गेलं. त्याच्यानंतरही ती कामाले जात होती. पुन्हा वाचा.
पोरींनी पानं उलटली. मंग मागून एक पोरगी, "मैडम, जब कुएँ पर सबने उससे बोलना बंद कर दिया।"
फळ्यावर लिहिलं. घंटा झाली तरी पोरी बसूनच.

९ जुलै
मॅडमनं बोलावलं. "आप कल क्लास में ज़ोर से बोल रही थीं।" गणिताचे सर रोज बोंबलतात. मॅडमनं घरी ह्यांनाही फोन केला.
संध्याकाळी हे: "डॉक्टरले दाखवून येऊ?"
"डॉक्टरनंच तर बरी म्हटलं."
"हौ. पण लोक..."
ताट पुढं ओढलं. जेवले. मीही जेवली.

१३ जुलै, रविवार
ह्यांच्यासंगं खैरलांजीले, दिराच्या गावी. माझी गुड्डी तिथंच, जावेपाशी, मी दवाखान्यात गेली तवापासून. सहा वर्षांची पोर. रस्त्यानं दोन्हीकडं धानाचे रोवणे चालू. गुड्डी जवळ आली नाही, दारातूनच पाहत राह्यली. जाऊ, सविता, म्हणे, "राहू द्या न बाई. शाळा लागली तिची इथं." ह्यांनी मान हलवली.
ओरडली असती तर पागल. ओरडली नाही तर पोरीची माया नाही.
चहा घेतला. परत आलो.

१६ जुलै
नागपूर. ह्यांनी डॉक्टरले विचारलं, गोळी वाढवता का.
"का? काय झालं?"
ह्यांनी फाइल चाळली. मीच सांगितलं, "वर्गात शिकवलं."
डॉक्टरनं ह्यांच्याकडं पाह्यलं. गोळी कमीच केली. येताना गोंदियापर्यंत हे डोळे मिटून बसले.

१८ जुलै
सकाळी चप्पल घातली. सासूबाई: "कुठं?"
"गुड्डीले आणाले."
"मंग त्याले येऊ दे."
थांबली नाही.

आता सविताच्या ओसरीवर लिहून राह्यली. ती आत ह्यांच्याशी फोनवर. "एकट्याच आल्या, भाऊजी..." हळू बोलते, ऐकू येते.
गुड्डीनं पिशवीत फ्रॉक टाकला. काढला. बाजूले येऊन बसली.
"मम्मी, तू ठीक हो गई?"
"हौ."
"चाची तो बोलती है, नहीं हुई।"
"तुले कशी दिसते?"
पाहून राह्यली. पिशवी मांडीवर घेतली.