उपासात डोळ्याचं औषध

२० सप्टें.
मोतीबिंदू काढून बारा दिवस झाले. उजवा डोळा लख्ख. डावा लहानपणीच काटा लागून गेला, त्याचं रडगाणं नको. सून सुनीता फोनात घंटा लावून कामावर जाते. चार वेळा थेंब, दीड महिना. थेंब पडला की घशात कडू उतरतं.

२२ सप्टें.
घट बसले. अखंड दिवा परातीत ठेवलाय. इथं परदेशात छताला धुराचं यंत्र असतं, ते बोंबललं तर सगळी बिल्डिंग खाली रस्त्यावर. नऊ दिवस उपास. कडू घशात गेलं म्हणजे पोटातच गेलं की. दिसतंय चांगलं, मग कशाला? बाटली बाजूला ठेवली. सु.ला सांगितलं, "घातलं गं बाई, घातलं."

२५ सप्टें.
डोळा लाल. उजेड टोचतो. पडदे ओढून बसले. उपासाची उष्णता असेल.

२६ सप्टें.
दिव्याभोवती धुकं. आत ठणका. हा एकच डोळा आहे मला. मुलगा महेश तिकडं रास लफानच्या गॅस कारखान्यात, शिफ्ट सोडून येईल अन् आधी ओरडेल. थेंब घालावा तर देवी कोपेल, न घालावा तर... हात जोडून बसले.

२७ सप्टें.
सु.नं बाटली उजेडाला धरली.
"आई, ही भरलेली कशी?"
"पहारा ठेवतेस का माझ्यावर?"
ओरडली नाही. त्यानं जास्त भ्याले. तसंच गाडीत घातलं मला. डॉक्टरीण केरळची. "अम्मा, दवा क्यों बंद किया? अंदर बहुत सूजन है." आता दर तासाला थेंब, परवा परत या. पहिल्यासारखं दिसेल का विचारलं, तर म्हणे कोशिश करेंगे.
येताना सु. एवढंच बोलली, "देवीनं तुमचा डोळा मागितला होता का?"
 

२८ सप्टें.
बाटली हलवायची, पापणी ओढायची, थेंब. कडू येतं, गिळते. उपास मोडला का राहिला, देवीचं देवी बघेल. ओळी वाकड्या जातायत, जाऊ देत. सु.नं सुट्टी घेतली. घंटेच्या आधी येऊन उभी राहते.

२९ सप्टें.
दवाखान्यात निघायचंय. सु. विचारते, "आई, दिवा दिसतो का?"
"दिसतो," म्हटलं.
समोर पिवळं काहीतरी आहे. आठ दिवस तिथंच बघतेय. जागा पाठ आहे म्हणून दिसतोय, का खरंच दिसतोय?